पियानोला खोबरेल

पियानोला तेल घालायचं नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपण शिकवायला नको. शिवणयंत्राला घाला, सायकलला घाला, रहाटाला घाला, स्वतःच्या टाळूवर घाला. पियानोला नाही. पियानोच्या पोटात अठ्ठ्याऐंशी हातोड्या असतात आणि प्रत्येक हातोडी सुईएवढ्या पितळी खिळीवर झुलते. ती खिळी लाल बनातीत बसवलेली असते. बनात म्हणजे लोकर, आणि लोकरीने एकदा तेल प्यायलं की ती ते जन्मभर सोडत नाही. म्हणून आमचं वंगण सगळं कोरडं. पेन्सिलीच्या शिशाची पूड, शंखजिऱ्याची पूड, नाहीतर मेणाचा एक हात. फक्त खाली पायाशी पेडलं असतात, त्यांच्या चामड्याला बोकडाची चरबी लावायची. बस्स.

हे सगळं मी दादाला शिकवलं होतं. घोकून घेतलं होतं म्हणा ना.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, अनंत. परळच्या एका गिरणीत बावीस वर्षं तेलवाला होता. लांब नळीचा डबा घेऊन दिवसभर यंत्रांच्या रांगांतून फिरायचं आणि सूत कातणाऱ्या प्रत्येक चातीला थेंब द्यायचा, हे त्याचं काम. गिरणीत नवी यंत्रं आली, ती आपलं आपण तेल घेत. चौपन्न साली दादाला घरी पाठवलं. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. आला आमच्या अंधेरीच्या खोलीत, आणि आठ महिने भिंतीकडे तोंड करून बसला. जेवायला हाक मारली तर जेवायचा, नाहीतर नाही. शेवटी सुगंधा, माझी बायको, मला म्हणाली, "त्यांना तुमच्याबरोबर कामाला न्या हो. नायतर हे एक दिवस रुळावर जाऊन झोपतील."

नेलं. मी तेव्हा वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत पियानो दुरुस्त करत फिरायचो. साहेब लोक गेले, फोर्टातलं आमचं दुकान बंद झालं, पण पियानो काय बोटीत बसून विलायतेला गेले नाहीत. ते राहिले इथेच, ख्रिस्ती घरांत, पारशी बंगल्यांत, आणि पार्ल्यात एका ब्राह्मणाच्या घरात.

हे ब्राह्मणाचं घर विद्याधररावांचं. ते बोटीच्या कंपनीत कारकून. त्यांचा गोरा साहेब जाताना आपला उभा पियानो त्यांना देऊन गेला. घरात त्याचा उपयोग काय, तर वर फोटो ठेवायला. पण त्यांची मुलगी क्षमा, ती इर्ल्याच्या एका ख्रिस्ती बाईकडे जाऊन शिकली. आठ वर्षं शिकली. मी पुष्कळ पियानो ऐकलेत, बड्याबड्यांचे ऐकलेत, आणि सांगतो, त्या पोरीच्या हातात चीज होती.

पंचावन्न सालचा ऑक्टोबर. पावसाळाभर ओल खाऊन पियानोची बनात फुगली होती आणि हातोड्या अडकायला लागल्या होत्या. पेडल तर कुत्र्याचा पाय दारात सापडावा तसं ओरडायचं. आम्ही दोघे भाऊ सकाळीच गेलो. मी झाकण उघडत होतो तेव्हा क्षमा बाजूला येऊन उभी राहिली. एकोणीस वर्षांची, बारीक चणीची, बोलायला धीट.

"जयवंतकाका, जानेवारीपर्यंत हा नीट चालायला हवा हं," ती म्हणाली. "अंधेरीच्या शाळेतल्या मोठ्या सिस्टर ऐकायला येणार आहेत. शाळेत पियानो नाही. मी पसंत पडले तर मला आणि पियानोला दोघांनाही नेणार, मी शिकवणार."

"आणि नाही पडलीस तर?" मी आपला गमतीत म्हणालो.

ती हसली नाही. "तर अकोला. वकील आहेत. पहिली बायको गेलीय, दोन मुलं आहेत. बाबा म्हणालेत, नोकरी मिळाली तर लग्नाचं नाव काढणार नाही, नाही मिळाली तर मी हट्ट करायचा नाही. मी हो म्हटलंय."

मी म्हटलं, पोरी, पियानोची काळजी माझ्यावर सोड. या तोंडाने म्हटलं.

हातोड्यांचं काम किचकट होतं. एकेक खिळी उपसायची, बनात दाबून मोकळी करायची, पूड लावायची, परत बसवायची. आठ दिवस सहज. पण त्या दिवशी मला बोरिवलीला एका चर्चमध्ये जायचं होतं. दादाला सांगितलं, आज पट्ट्यांखाली पूड मार आणि पेडलाला चरबी लाव. हातोड्यांना हात लावू नकोस. तो मान डोलावून खाली बसला.

संध्याकाळी पाचला परत आलो तर फाटकातूनच पियानो ऐकू आला. मी जागीच उभा राहिलो. एकही हातोडी अडकत नव्हती. क्षमाचे हात पळत होते आणि पियानो तिच्या पुढे पळत होता. पायरीवर दादा बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. गिरणी सुटल्यापासून मी त्याचे दात पाहिले नव्हते.

आत गेलो. झाकणाशी वाकलो आणि वास आला. खोबरेलाचा.

दादाला मागच्या विहिरीपाशी नेलं. "दादा, तू तेल घातलंस?"

"बाईन चरबी घरात नको म्हणान सांगल्यान," दादा म्हणाला. बाई म्हणजे क्षमाची आई, सुहासिनीबाई. त्यांच्या सोवळ्यात बोकडाची चरबी कशी चालेल? मीच आधी विचार करायला हवा होता. "मगे तिनाच ह्या तेल दिल्यान. देवाच्या समयेचा, शुद्ध. पेडलाक लावलंय, पेडल गप झाला. मगे म्हटलंय, वरच्यांनी काय पाप केल्यानी? समयेच्या वातीन एकेक थेंब दिलंय, जास्ती नाय. तुका आठ दिवस लागले असते, जयवंता. माका तीन तास लागले." आणि मग लहान मुलासारखा माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "बरा केलंय मा?"

आपलेच दात आपलेच ओठ. त्याच वेळी आतून सुहासिनीबाई आल्या, हातात दोन लाडवांची बशी. दादाला म्हणाल्या, "तुमच्या हाताला यश आहे हो." दादाने सदऱ्याला हात पुसून दोन्ही हातांनी बशी घेतली.

मी म्हटलं, "बरा केलंस, दादा."

तेव्हा मनात काय हिशेब केला तेही सांगतो, लपवत नाही. मला भीती होती ती बनात कुजण्याची, खिळीवर हिरवा गंज चढण्याची. त्याला दोन-तीन वर्षं लागतात. म्हटलं, जानेवारी होऊन जाऊ दे, पोरगी शाळेत लागू दे, मग मे महिन्यात काहीतरी निमित्त काढून सगळं सोडवीन, स्पिरिटने धुऊन काढीन, दादाला कळणारही नाही. तीस वर्षं या धंद्यात घालवलेला माणूस मी. मोठा कारागीर. जी गोष्ट घरातल्या बायकापोरींना ठाऊक असते ती माझ्या डोक्यात आली नाही.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. क्षमा रोज संध्याकाळी वाजवायची. सकाळी त्या घरात पियानोचं नाव काढायचं नाही, कारण दहापर्यंत विद्याधररावांचं स्नान, पूजा आणि ऑफिसची घाई. दादा दर रविवारी पार्ल्याला जाऊन पियानो पुसून यायचा. मी सांगत नसे, आपण होऊन जायचा. दाढी करायला लागला. सुगंधाशी चार शब्द बोलायला लागला. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

सिस्टर जानेवारीत एका मंगळवारी सकाळी साडेसातला येणार होत्या, शाळा भरायच्या आत. दादा इस्त्रीचा सदरा घालून पहाटेच निघून गेला, पियानो पुसायचा होता म्हणून. त्या सकाळी थंडी होती. आमच्या मुंबईत थंडी ती काय, पण त्या आठवड्यात चाळीतले लोक गोधड्या पांघरून नळावर उभे होते. मी चहा घेत होतो. सुगंधा चुलीपाशी बसून हातातली बाटली शेकत होती.

"काय करतेस?" मी विचारलं.

"तेल थिजलंय मेलं. दगड झालाय नुसता. आपल्या पोरीची वेणी कशी घालू?"

बाटलीत पांढरंधोप खोबरेल. मी ते बघितलं आणि पियानोतल्या हातोड्या आठवल्या. चहाचा कप तिथेच ठेवला, पायात चपला घातल्या आणि धावत सुटलो. अंधेरी ते पार्ले, पन्नाशीच्या माणसाने, धोतर हातात धरून. वाटेत ओळखीचे दोघे-तिघे म्हणाले, कोण गेलं? मी थांबलो नाही.

विद्याधररावांच्या घरी पोचलो तेव्हा सात वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. सिस्टर आल्या होत्या, पण अजून सुरू झालं नव्हतं. खिडकीतून दिसत होतं, त्या चहा घेत होत्या. क्षमा पियानोपाशी पाठ ताठ करून बसली होती आणि बोटं एकमेकांवर चोळत होती. ती खोली मागच्या आंब्यांच्या सावलीत. तिथे ऊन दहाच्या आधी यायचं नाही.

विद्याधरराव ओट्यावर आले. "मिस्त्री? आत्ता? काही राहिलं का?"

वेळ होता. हे मी रोज मोजतो, मला वेळ होता. पाच मिनिटं होती, आणि माझं तोंड उघडलंही होतं. पण ओट्याच्या पायरीवर दादा बसला होता. सदऱ्याची घडी मोडू नये म्हणून ताठ बसला होता. मला बघून म्हणाला, "सगळा बरा आसा रे. कशाक धावलंस?" आणि विद्याधररावांकडे बघून हसला. त्यांच्या पियानोला गुण आला तो त्याच्या हाताने, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी आता म्हणणार काय? साहेब, हातोड्यांत तेल थिजलंय. कुणी घातलं? याने. का घातलं? आणि तुम्हाला ठाऊक होतं, मिस्त्री? तीन महिने ठाऊक होतं? हे सगळे प्रश्न माझ्या डोक्यात एकदम उभे राहिले, अगदी विद्याधररावांच्या आवाजात. चोराच्या मनात चांदणं. अजून कुणी काही विचारलं नव्हतं आणि मी आतल्या आत उत्तरं देत होतो.

"काही नाही साहेब," मी म्हणालो. "सहज आलो."

आणि मूग गिळून दादाच्या शेजारी बसलो.

मग सुरू झालं. पहिलं संथ होतं, ते कसंबसं निभावलं. दुसरं जलद. हातोड्या वर जात होत्या आणि परत खाली यायला तयार नव्हत्या. एकच सूर दोनदा वाजवायचा असला की दुसऱ्यांदा नुसती पट्टी दबल्याचा लाकडी आवाज. पोरगी जोर लावायला लागली. जोर लावला की आवाज कर्कश, सोडला की आवाजच नाही. मधेच ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथेच थांबली. मी डोळे मिटून घेतले होते, पण कान मिटता येत नाहीत.

"घाबारला काय ता?" दादा हळूच म्हणाला.

सिस्टर पावणेआठला बाहेर आल्या. तोंडावर राग नव्हता, कीव होती. विद्याधररावांशी इंग्रजीत काही बोलल्या, क्षमाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या. विद्याधररावांनी फाटक लावून घेतलं. मग आम्हाला म्हणाले, "मुलीचा हात जड आहे म्हणाल्या. शिकवण्याइतकी तयारी नाही. पियानो चांगल्या स्थितीत असेल तर तो मात्र शाळेला हवाय." आणि पुढे म्हणाले, "मिस्त्री, मी आज ऑफिसला जात नाही. तुम्ही एकदा तपासून बघा. दोष त्याच्यात असला तर मी सिस्टरना पुन्हा बोलावीन. हात जोडून बोलावीन."

म्हणजे दार अजून उघडं होतं. त्या भल्या माणसाने ते स्वतःहून उघडं ठेवलं होतं.

मी काय केलं? म्हणालो, माझी हत्यारं घरी आहेत, घेऊन येतो. घरी गेलो आणि अकराला परत आलो. खोलीत ऊन आलं होतं, पियानोच्या झाकणावरच पडलं होतं. मी खालपासून वरपर्यंत अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांवरून बोटं फिरवली. सगळं पाण्यासारखं वाहत होतं. आत वाकून बघितलं तर खिळ्यांपाशी तेलाची पुसट चकाकी. ती माझ्याशिवाय कुणाला दिसणार?

विद्याधरराव माझ्यामागे उभे होते. "ठीक आहे?"

"ठीक आहे, साहेब."

"म्हणजे काही दोष नाही."

"नाही."

ते आत निघून गेले. क्षमा दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. ती येऊन बसली आणि सकाळचंच वाजवायला लागली, तेच, जलद. एकदाही अडलं नाही. शेवटपर्यंत वाजवलं, हात मांडीवर घेतले आणि ते हात उलटेसुलटे करून बघितले.

"काका, सकाळी हातोड्या परत येत नव्हत्या. खरंच येत नव्हत्या. का मलाच तसं वाटलं?"

दादा कोपऱ्यात फडकं घेऊन उभा होता.

"भीतीने होतं, बाळ," मी म्हणालो. "भीतीने हात जड होतो."

तिने मान डोलावली. विश्वास ठेवला माझ्यावर, दुसरं काय? आठ वर्षांच्या मेहनतीपेक्षा माझा शब्द मोठा धरला. म्हणाली, "मग बरं झालं आत्ताच कळलं. मुलांसमोर असं झालं असतं तर?" आणि पियानोचं झाकण लावलं. त्यानंतर तिने तो उघडला नाही, असं सुहासिनीबाई सांगत.

एप्रिलमध्ये लग्न झालं. आम्हाला आमंत्रण होतं. दादा गेला, मी ताप आल्याचं सांगून घरी पडून राहिलो. परत आल्यावर दादा म्हणाला, नवरो माझ्या वयाचो दिसता रे. मग म्हणाला, पोरगी निघताना दादाच्या पाया पडली, आणि म्हणाली, तुम्ही पियानो इतका छान केलात, मलाच जमलं नाही. हे सांगताना दादाला रडू आलं. मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलं. आता ती पाळी माझी होती.

पियानो शाळेत गेला. देखभालीचं काम आम्हाला मिळालं, आणि हॉलची किल्ली दादाच्या खिशात आली. ती तो झोपतानाही उशाखाली ठेवायचा. मे महिन्यात मी हातोड्या सोडवणार होतो. नाही सोडवल्या. आठ दिवसांचं काम, दादा शेजारी उभा राहून विचारणार, बरो चालता तर खोलतंस कशाक? त्याला काय सांगू? एकदा गिळलेलं परत बाहेर काढायला फार मोठं काळीज लागतं, ते माझ्यात नव्हतं.

पुढच्या जानेवारीत शाळेतून निरोप आला, मिस्त्रींना लवकर पाठवा. मी एकटाच गेलो. सकाळचे साडेसात. क्षमाला मिळायची त्या जागेवर घेतलेल्या नलिनीबाई हॉलमध्ये उभ्या होत्या, वयाने मोठ्या, शांत बाई. म्हणाल्या, "मिस्त्री, हे बघा ना. पट्ट्या दाबल्या की आतल्या हातोड्या परतच येत नाहीत. कालपर्यंत सुरेख चालत होता."

म्हटलं, आलं. आता विचारतील. पण तोंडाला काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून बोललो. "थंडीने होतं, बाई. दोन तास थांबा. ऊन येऊ द्या."

"हो का?" त्या म्हणाल्या. "मग प्रार्थना आज पियानोशिवाय म्हणू. त्यात काय." आणि खिडकीशी खुर्ची ओढून वह्या तपासायला बसल्या. साडेनऊला ऊन आलं, पियानो चालायला लागला. त्यांनी माझे आभार मानले. तेल कुणी घातलं, का घातलं, मला कधीपासून ठाऊक होतं, त्या दोन तासांत कुणी काहीसुद्धा विचारलं नाही.

"एवढंच होतं होय?" नलिनीबाई म्हणाल्या.

"एवढंच होतं," मी म्हणालो.